मुलीच्या फोनात हिस्टरी कोरी दिसते, लपून बघणारं ॲप टाकावं काय?

फॉलपिको_वडगाव

नमस्कार. मी बेळगावात वडगावला राहते, घरातच साड्यांना फॉल-पिको करून देते. आमचे हे उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहेत. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत, दोघंही मराठी शाळेत. प्रश्न मुलीच्या फोनाचा आहे. तीन दिवस झाले, घरात दुसरा विषय नाही.

शनिवारी ह्यांनी तिचा फोन चार्जिंगला लावताना क्रोम उघडून बघितलं. हिस्टरी कोरी. एक ओळसुद्धा नाही, आणि पोरगी तर रोज संध्याकाळी तासभर त्यात डोकं घालून असते. शेजारच्या पोरानं सांगितलं, काळी खिडकी वापरत असणार, टोपी आणि चष्म्याचं चित्र असतं ती. ह्यांचं डोकंच फिरलं. लपवण्यासारखं काही नाही तर लपवते कशाला, हे एकच धरून बसलेत. दुसऱ्या दिवशी एका मोबाईलच्या दुकानात जाऊन आले. दुकानदार म्हणाला, दीड हजार द्या, ॲप टाकून देतो, पोरीला पत्ता लागणार नाही, ती काय टाईप करते, कुणाशी बोलते, सगळं तुमच्या फोनावर येईल. हे तयार आहेत. मी गुरुवारपर्यंत थांबा म्हटलंय.

मला पोरीची काळजी नाही असं कुणी समजू नका. रात्री झोप लागत नाही. पण लग्नाआधी मी मैत्रिणीला इनलँड पत्रं लिहायची, ती माझे वडील आधी वाचायचे आणि मगच पेटीत टाकायचे. शेवटी मी पत्रं लिहायचंच सोडलं. ते काय अजून मनातनं जात नाही.

तर मला समजून घ्यायचंय ते असं. काळ्या खिडकीतलं आपल्याला कुठनं तरी दिसतं काय? ती खिडकी बंद करता येते काय? आणि दुकानदाराचं ॲप टाकावं काय? फोन इंग्रजीत आहे, कंपनीचे मेसेज कन्नडात येतात, मला दोन्ही जेमतेम वाचता येतं. त्यामुळं कुठं दाबायचं ते जरा फोडून सांगा.

---

वायरवाला_खानापूर

ताई, मी खानापूर तालुक्यात ब्रॉडबँडच्या लाईनी ओढतो, बारा वर्षं झाली. महिन्यातनं एकदा तरी कुणीतरी वडील माणूस मला पडवीत बाजूला घेऊन विचारतोच, पोरगं काय बघतंय ते तुमच्या मशीनवर दिसतं की नाही. म्हणून जरा लांबण लावतो, वाचा.

त्या काळ्या खिडकीला इन्कॉग्निटो म्हणतात. क्रोम २००८ ला आलं तेव्हापासनं ती आहे. ती बंद केली की तिथं उघडलेल्या पानांची यादी, कुकीज म्हणजे साईटनं फोनात ठेवलेल्या खुणा, भरलेले फॉर्म त्या फोनातनं पुसले जातात. एवढंच तिचं काम. उतरवून घेतलेली फाईल मात्र फोनात राहते, डाऊनलोडमध्ये. आणि फोनाच्या बाहेर कुणापासनं काहीच लपत नाही. जी साईट उघडली तिला कळतं, सिम किंवा वायफाय ज्या कंपनीचं तिलाही कळतं. ह्याच्यावरनं अमेरिकेत २०२० ला गूगलवर दावा झाला होता, इन्कॉग्निटोतलीसुद्धा माहिती तुम्ही गोळा करता म्हणून. २०२४ मध्ये तडजोड झाली आणि गोळा केलेल्या नोंदी नष्ट करायचं गूगलनं कबूल केलं. त्या खिडकीत सुरुवातीला जी सूचना येते तिचे शब्दही तेव्हाच बदलले.

मग आमच्या मशीनवर काय दिसतं? फार तर साईटचं नाव. आता जवळपास सगळ्या साईट कुलूपवाल्या आहेत, म्हणजे एचटीटीपीएस. पोरगी यूट्यूबवर गेली एवढं कळेल, कुठला व्हिडिओ बघितला ते कळणार नाही. गूगलवर गेली ते दिसेल, काय शोधलं ते दिसणार नाही. पाकिटावरचा पत्ता वाचता येतो, आतली चिठ्ठी नाही. आणि खरं सांगतो, जेवढं दिसतं तेवढंही मी कुणाला काढून देत नाही.

दुकानदाराच्या ॲपचं. प्ले स्टोअरचा नियमच असा आहे की मुलांवर देखरेख ठेवणारं ॲप चालेल, पण त्याची खूण फोनावर सतत दिसली पाहिजे, लपून चालायचं नाही. म्हणजे न कळणारं ॲप म्हणून जे विकतात ते प्ले स्टोअरवरचं नसतं. ते बाहेरनं टाकावं लागतं आणि त्यासाठी आधी प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप तपासणारी गूगलची सोय, बंद करतात. पुढच्या दाराची कडी काढून ठेवण्यासारखंच ते. असलं ॲप टाईप केलेलं सगळं दुसऱ्याच कुणाच्या तरी सर्व्हरवर पाठवतं, आणि तिथनं ते तुमच्याकडं येतं. मधला तो कोण, हे दुकानदारालाही माहीत नसतं. असल्या कंपन्यांकडनं लोकांची माहिती फुटल्याच्या बातम्या एकदा नाही, कितीतरी वेळा आल्यात.

आता मला तुमच्याकडनं एक हवंय. तुमच्या घरात किती फोन आणि किती जीमेल? मुलीच्या फोनात प्ले स्टोअर उघडा, वरती उजवीकडं गोल चित्र किंवा अक्षर दिसेल, त्याच्यावर दाबा. तिथं जो ईमेल येईल तोच तुमच्या मिस्टरांच्या फोनातपण आहे काय? हे बघितल्याशिवाय पुढचं काही करू नका.

---

फॉलपिको_वडगाव

बघितलं. एकच आहे. ह्यांच्या फोनात, तिच्या फोनात आणि माझ्यापण. लॉकडाऊनमध्ये, २०२० ला, शाळा मोबाईलवर सुरू झाली तेव्हा जुना फोन घेतला होता. दुकानातल्या पोरानं ह्यांचाच जीमेल त्यात टाकून दिला आणि तो तसाच राहिला. जन्मतारीख ह्यांची, १९७९. ह्यानं काय होतं?

---

निपाणीचा_बाबा

ताई, मी पाया पडून सांगतो, ते ॲप टाकू नका.

मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो. पोरगा पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला असताना मी टाकलं होतं असलं ॲप. मलापण असंच सांगितलेलं, पोराला पत्ता लागणार नाही. टाकताना दुकानदारानं ॲक्सेसिबिलिटी का काय म्हणतात ती परवानगी चालू केली. ती दिली की पडद्यावर जे काही येईल ते सगळं त्या ॲपला वाचता येतं, हे मला नंतर कळलं. पोराच्या फोनात त्याच्या आईच्या बँकेचं सिम होतं. पैसे भरायचे ओटीपी त्याच फोनावर यायचे. पाच महिने आमच्या घरचे सगळे ओटीपी कुणाच्या तरी हातात जात होते. पैसे गेले नाहीत, नशीब. पुण्याहनं भाचा आला, फोन गरम का होतोय म्हणून बघायला लागला आणि त्याला ते सापडलं. भाच्यानं ते सगळ्यांच्या समोरच सांगितलं.

पोरगा एक शब्द बोलला नाही. ताट तसंच ठेवून उठला. ती पाच महिन्यांत वाचलेली चॅट मला आजही आठवतात, दोस्तांची थट्टा, क्रिकेट, एका विषयात नापास व्हायची भीती. ती भीती त्यानं मला कधी सांगितली नव्हती, मी ती चोरून वाचली होती, त्यामुळं त्याला धीर देताही येईना. कशावरनं कळलं म्हणून सांगणार? आता तो बेंगळुरात नोकरीला आहे. फोन करतो, तब्येत विचारतो, पैसे पाठवतो. त्याच्याविषयी काही विचारलं की ‘बरं आहे’ म्हणतो आणि आईकडं फोन द्या म्हणतो.

---

टिळकवाडी_लॉ

काकू, मी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मुलीच्या बाजूनं लिहिते, कारण मी त्या जागेवर होते.

अकरावीत असताना माझं व्हॉट्सॲप घरातल्याच एका मोठ्या माणसाच्या कॉम्प्युटरवर जोडलेलं होतं. मी आंघोळीला गेले असताना कोड स्कॅन केला असणार. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस म्हणून यादी असते, ती सहज उघडली तेव्हा मला अनोळखी कॉम्प्युटर दिसला. मी भांडले नाही. मैत्रिणीच्या फोनात दुसरं खातं उघडलं आणि सगळं तिकडं नेलं. घरच्यांना वाटलं, पोरगी सुधारली.

वर्षभरानं एका अनोळखी माणसानं माझ्या फोटोत फेरफार करून मला धमकवायला सुरुवात केली. पंधरा दिवस मी घरात कुणालाही सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे आधी ते दुसरं खातं दाखवावं लागलं असतं. रात्री गादीवर पडून मी फक्त हिशेब करायचे, कोण काय म्हणेल. शेवटी कॉलेजातल्या एका बाईंना सांगितलं, त्या माझ्याबरोबर पोलिसांकडं आल्या. काकू, त्या पंधरा दिवसांत मी काय काय विचार केला ते इथं लिहीत नाही.

म्हणून तुमच्या मुलीला हे आजच सांगून ठेवा, तिचं काही चुकलं असो वा नसो. १९३० हा सायबर गुन्ह्यांचा नंबर, १०९८ हा मुलांसाठीचा. अठराच्या खालच्या कुणाचा तसला फोटो कुणी पसरवायला बघत असेल तर टेक इट डाऊन नावाची सेवा आहे. अमेरिकेतली हरवलेल्या आणि पिळवणूक झालेल्या मुलांसाठीची संस्था ती चालवते. त्यात फोटो आपल्या फोनातनं बाहेर जात नाही, फक्त त्याचा ठसा बनतो, आणि सामील असलेल्या कंपन्या त्या ठशावरनं फोटो ओळखून काढून टाकतात.

काका म्हणतात तसं ‘लपवण्यासारखं नाही तर लपवते कशाला’, ह्याच प्रश्नावर आम्हाला वर्गात दोन तास शिकवलं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं दिला. तो खटला ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती. पुढं २०२३ ला डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालची सगळी मुलं धरलीत. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवू नये, त्यांना हेरून जाहिराती दाखवू नयेत, असं कंपन्यांना बजावलंय. आईवडिलांना हा कायदा अडवत नाही. पण कंपनीनंसुद्धा जे करू नये म्हणून संसदेनं लिहिलं, ते घरात लपून करायचं का, हे काकांना एकदा शांतपणे विचारा.

---

वायरवाला_खानापूर

ताई, मला तीच शंका होती. एकच खातं असलं की त्यात लॉगिन करून शोधलेलं सगळं त्या खात्यात जमा होतं. गूगलच्या भाषेत वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी. मुलीनं तिच्या फोनावर शोधलेली गोष्ट वडिलांच्या फोनात शोधायच्या चौकोनावर बोट ठेवल्याबरोबर खाली येते, पुढं घड्याळाचं छोटं चित्र असतं. उलटंपण होतं. आणि खातं १९७९ च्या माणसाचं, त्यामुळं यूट्यूबच्या लेखी तुमची आठवीतली मुलगी पंचेचाळिशी ओलांडलेला बाप्या आहे. अठराच्या खालच्या खात्यांना गूगल २०२१ पासनं सेफसर्च, म्हणजे शोधताना घाणेरडं गाळणारी चाळणी, आपोआप लावतं, ते तिला मिळतच नाही. मुलांसाठीच्या सगळ्या कुंपणांचा पाया जन्मतारीख आहे, इन्स्टाग्रामच्या टीन अकाऊंटचाही.

इन्कॉग्निटोत मात्र माणूस आपणहून लॉगिन करेपर्यंत खात्यात काही जमा होत नाही. मुलगी ती खिडकी का वापरत असेल ह्याचं एक कारण हेपण असू शकतं. तिला विचारा.

करायचं काय ते सांगतो. तिचं नवं खातं काढा, खऱ्या जन्मतारखेचं. तिच्या फोनातनं जुनं खातं काढायच्या आधी फोटो, नंबर आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप कुठल्या खात्यात आहे ते बघा, नाहीतर ते जाईल. मुलग्याचं खातं तेराच्या खालचं, ते तुमच्या खात्याला जोडूनच निघेल, फॅमिली लिंक म्हणतात. त्यात इन्कॉग्निटो चालत नाही, नवं ॲप टाकायला तुमची परवानगी लागते, रात्री फोन आपोआप बंद ठेवता येतो. मेसेज तुम्हाला वाचता येत नाहीत, आणि मुलाला देखरेख आहे हे माहीत असतं. तेरा पूर्ण झालेल्या पोरीला ते लावायचं तर तिची संमती लागते, म्हणून जबरदस्ती करू नका.

तिसरं म्हणजे घाणेरड्या साईट. फोनाच्या सेटिंगमध्ये नेटवर्क, त्यात प्रायव्हेट डीएनएस. डीएनएस म्हणजे साईटच्या नावावरनं तिचा पत्ता शोधून देणारी सोय. तिथं ‘फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम’ असं इंग्रजीत भरा, क्लाउडफ्लेअर आणि डीएनएसच्या मध्ये आडवी रेघ. अँड्रॉईड ९ आणि पुढच्या फोनांत ही सोय आहे, फुकट आहे, आणि वायफाय असो की सिम, दोन्हीवर चालतं. पण हे साईटच्या नावावरनं अडवतं. यूट्यूबच्या आत काय लागलंय ते ह्याला कळत नाही, तिथं तुम्हालाच पोरांजवळ बसावं लागणार. अडलं तर लिहा, येळ्ळूरच्या बाजूला कामाला आलो की वडगावात डोकावून जातो.

---

फॉलपिको_वडगाव

सगळ्यांचं वाचलं. निपाणीच्या बाबांचं ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘ताट तसंच ठेवून उठला’ इथं हे उठून बाहेर गेले, जरा वेळानं आत आले आणि दुकानात फोन करून नको म्हणून सांगितलं.

बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर मशीनच्या खोलीत सतरंजी टाकली, तिन्ही फोन मधे ठेवले. पोरीला आधीच सांगितलं, तुझा फोन मागायला नाही, आमचा दाखवायला बोलवलंय. ह्यांनी आपला फोन उघडून गूगलच्या चौकोनावर बोट ठेवलं. खाली ओळी आल्या, घड्याळवाल्या. लोखंडाचा भाव. बेळगाव ते पंढरपूर गाडी. आणि त्याच्याखाली एक ओळ, ‘पाळीत पोट दुखत असेल तर शाळेत काय सांगायचं’.

पोरीनं मान खाली घातली ती वर करेचना. मग हळूहळू बोलली. गणपतीत कोल्हापूरचा चुलतभाऊ आला होता, आरती शोधायला त्यानं ह्यांचा फोन घेतला. असलीच एक ओळ त्यात होती आणि त्यानं ती सोप्यात सगळ्यांच्या समोर वाचली. काका, आत्ये, शेजारचे. सगळे हसले. मी आत मोदक वळत होते, हसणं ऐकलेलं मला आठवतंय. ह्यांना वाटलं माझंच काहीतरी असेल, म्हणून तेपण हसले. पोरगी तिथंच दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मैत्रिणीनं तिला काळी खिडकी दाखवली. तरीपण मधे एकदा घाईत विसरली, तीच ही ओळ.

मी तिची आई, एकाच घरात, आणि पाळीत शाळेत काय सांगायचं ते तिला गूगलला विचारावं लागलं. ते मला लागलंय, पण ते माझं मी बघते.

ह्यांनी काय केलं ते सांगते. हे फार बोलणारे नाहीत. म्हणाले, मी हसायला नको होतं. एवढंच. मग फोन तिच्याच हातात दिला आणि म्हणाले, तुझं जे आहे ते तू पुसून टाक, मी बघत नाही, आणि खरंच भिंतीकडं तोंड करून बसले. तिनं ॲक्टिव्हिटीत जाऊन एकेक ओळ शोधून काढली. अर्धा तास लागला.

नवं खातं तिनंच काढलं, खऱ्या जन्मतारखेचं. डीएनएसचं तिन्ही फोनांत घातलं, पहिल्यांदा चुकलं, आडवी रेघ राहिली होती. धाकट्याला फॅमिली लिंक लावलं, त्याला साडेनऊला फोन बंद होणार म्हणून रडू आलं. पोरीला विचारलं, तुला लावू काय. ती म्हणाली, नवं ॲप टाकताना तुला विचारीन, पण माझा फोन बघायचा असेल तर मी घरात असताना बघा, मी शाळेत गेल्यावर नको. हे ‘बरं’ म्हणाले. टिळकवाडीच्या मुलीनं दिलेले दोन्ही नंबर तिनं आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलेत, आणि त्या मुलीला सांगा म्हणाली की मी वाचलं.

वायरवाले दादा, एक राहिलंय. जुन्या खात्यावर गॅसचं बुकिंग आणि ह्यांच्या पीएफचं काहीतरी आहे, म्हणून ते बंद केलेलं नाही, फक्त तिच्या फोनातनं काढलं. माझ्या फोनात ते राहिलं तर चालेल काय, की माझंपण वेगळं काढू?

झोपायच्या आधी तिनं ह्यांना परत बोलवलं. बाबा, पाळी एवढं टाईप करून बघा, म्हणाली. ह्यांनी चष्मा लावला, एकेक अक्षर दाबलं. खाली घड्याळवाली एकही ओळ आली नाही. तिनं फोन हातात घेऊन स्वतः परत एकदा बघितलं आणि मग दिवा घालवला.